पंखांच्या वयाचा हिशेब : लाकूड, धातू आणि ग्लायडरची तपासणी

ज्या दोषाच्या धास्तीने आज जुन्या ग्लायडरचे पंख उघडून तपासले जातात, त्या दोषाशी मुंबईच्या गिरणगावाची ओळख शहरात पहिले विमान उतरण्याच्या कितीतरी आधीची आहे. परळ, लोअर परळ आणि वरळी या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेचे कारखाने आणि कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा परळचा कारखाना १८७९ चा आणि वरळीची सेंच्युरी मिल १८९७ ची. या दोन्ही प्रकारच्या कारखान्यांत ज्या एका भागावर सारे काम अवलंबून असे, तो म्हणजे फिरणारा आस, मग तो डब्याच्या चाकांना जोडणारा असो की इंजिनघरातून मागापर्यंत गती पोहोचवणारा. भार पेलणाऱ्या आसाची एक बाजू ताणली जाते आणि समोरची दाबली जाते; आस अर्धा फेरा फिरला की ताणलेली बाजू दाबाखाली येते आणि दाबलेली ताणाखाली, आणि हा उलटापालटा दिवसभरात लाखो वेळा होतो. एकदाच लादला असता ज्या भाराने आसाला काहीही झाले नसते, तोच भार असा पुनःपुन्हा आला, की पोटात किंवा पृष्ठभागावर केसाएवढा तडा पडतो, तो हळूहळू वाढत जातो आणि उरलेले धातूचे क्षेत्र भार सोसण्यास अपुरे ठरले की आस कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

हा दोष युरोपात सर्वांच्या नजरेत भरला तो ८ मे १८४२ रोजी, पॅरिसजवळ म्यदाँ येथे व्हर्सायहून परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून झालेल्या भीषण अपघातात. त्यानंतर प्रशियन रेल्वेतील अभियंता ऑगस्ट व्होलर याने १८५० व १८६० च्या दशकांत आसांचे नमुने मुद्दाम बांधलेल्या यंत्रांवर तुटेपर्यंत फिरवले आणि भाराचे प्रमाण व फेऱ्यांची संख्या यांचा संबंध आकड्यांत मांडला. त्याच्या प्रयोगांतून पोलादाविषयी एक दिलासा देणारी गोष्ट निघाली : ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला, तर पोलाद जवळजवळ अमर्याद फेरे सोसते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नसते. ताण कमी केल्यास ते अधिक टिकतात, पण लहानातला लहान भारही कोठेतरी खाती जमा होत राहतो. विमानविद्येच्या पुढील इतिहासात या फरकाला जे महत्त्व आले, त्याची कल्पना व्होलरला असण्याचे कारण नव्हते.

रेल्वेच्या जगाने या दोषावर दोन साधे उपाय रूढ केले. गाडी उभी असताना चाकांवर हातोडीचे ठोके देत जाणारा कर्मचारी मडके वाजवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाप्रमाणे नादावरून तडा ओळखत असे. कारखान्यात सुटा केलेला भाग तेलात बुडवून, पुसून, त्यावर खडूचा पातळ लेप दिला जाई. तड्यात अडकलेले तेल थोड्या वेळाने पाझरून पांढऱ्या लेपावर काळसर रेघ उमटे. आज विमानांच्या देखभालीत तडे शोधण्यासाठी जो लाल रंगद्रव वापरतात, तो या तेल-खडूच्या युक्तीचाच सुधारलेला अवतार आहे, आणि काचतंतूच्या पंखावर नाण्याने ठोकून आतला थर सुटला आहे का हे ऐकण्याची पद्धत त्या हातोडीचीच वंशज आहे. दोन्ही उपायांची मर्यादाही एकच आहे. तडा पडून गेल्यावरच ते उपयोगी पडतात. किती फेरे झाले आणि किती उरले, हे ते सांगू शकत नाहीत.

मुंबईतील नागरी उड्डाणांची सुरुवात १९२८ साली जुहू येथे झाली आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेच उतरले. जुहूचे मैदान समुद्राच्या पातळीला इतके लागून होते, की पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि टाटांच्या टपालसेवेला दरवर्षी त्या महिन्यांत आपला तळ पुण्याला हलवावा लागे. मुंबईत वर्षाला सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पुणे शहरात सुमारे ७०० मिलिमीटर. हा फरक धावपट्टीपुरता नव्हता. त्या काळातील लहान विमानांत आणि पुढे बराच काळ क्लबांच्या ग्लायडरमध्ये लाकूड, प्लायवूड, सरस आणि कापड हीच मुख्य सामग्री होती, आणि तिचे आयुष्य उड्डाणाच्या तासांपेक्षा हवेतील ओलाव्याने ठरत होते.

लाकडाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लाकूड धातूपेक्षा कमकुवत, म्हणून लाकडी पंख लवकर थकतो, असे सहज वाटते. प्रत्यक्षात चांगल्या, सरळ धाग्याच्या स्प्रूसचे लाकूड पुनरावृत्त भार उत्तम सोसते आणि ग्लायडरच्या पंखात येणाऱ्या ताणांच्या पातळीवर त्याच्या थकव्याची चिंता क्वचितच करावी लागते. त्याचे शत्रू वेगळे आहेत. पंखाचा कणा असलेली मुख्य तुळई, जिला स्पार म्हणतात, तिच्यावर फासळ्या आणि प्लायवूडचे आवरण सरसाने चिकटवलेले असते. प्रारंभीच्या काळात हा सरस बहुधा केसीनचा, म्हणजे दुधातील प्रथिनापासून केलेला असे. तो कोरडा असताना मजबूत, पण ओल लागली की मऊ पडणारा आणि बुरशीला आवडणारा. नंतर यूरिया-फॉर्माल्डिहाइडचे कृत्रिम सरस आले, ते बुरशीला दाद देत नाहीत; पण उष्णता आणि ओल यांच्या दीर्घ माऱ्याखाली तेही ठिसूळ होतात. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तेही धाग्याच्या लांबीत नगण्य आणि आडवे बरेच. त्यामुळे निरनिराळ्या दिशांनी जोडलेल्या तुकड्यांमधील सांध्यावर दर ऋतुबदलाला ताण येतो.

या प्रश्नाची सर्वांत मोठी आणि सर्वांत वादग्रस्त परीक्षा भारतातच झाली. १९४४ च्या उत्तरार्धात पूर्व आघाडीसाठी भारतात आणलेल्या मॉस्किटो या लाकडी युद्धविमानांचे पंख हवेत मोडण्याचे अपघात घडले आणि नोव्हेंबरमध्ये या भागातील सर्व मॉस्किटोंची तपासणी करून अनेक विमाने जमिनीवर ठेवावी लागली. चौकशीसाठी इंग्लंडहून तज्ज्ञ आले. दोष सरसाच्या ऱ्हासाचा, पावसाळ्यातील फुगण्या-आक्रसण्याचा की कारखान्यातील ढिसाळ जोडणीचा, याविषयी अहवालांचे एकमत झाले नाही. एका मताने हवामानावर बोट ठेवले, तर दुसऱ्याने पंखाचे आवरण आणि स्पार यांच्यात मुळातच राहिलेल्या फटींवर. या वादात हवामान आणि कारागिरी यांना परस्परविरोधी कारणे मानले गेले, ही त्याची मोठी उणीव म्हणावी लागेल. कारण इंग्लंडमध्ये खपून जाणारी फट भारतीय पावसाळ्यात खपत नाही, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ होता. कापड आणि डोपखाली, म्हणजे कापडाला ताण देणाऱ्या रोगणाखाली, झाकलेला सांधा बाहेरून पाहून कळत नाही, ही गोष्ट मात्र त्या चौकशीने कायमची अधोरेखित केली.

स्वातंत्र्यानंतर ग्लायडिंग हे तरुणांना स्वस्तात उड्डाण शिकवण्याचे साधन म्हणून सरकारी आश्रयाखाली वाढले. राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कलकत्ता येथे एकेका तुकडीने सुरू झाली, आणि त्याच सुमारास पुण्याजवळ हडपसर येथे नागरी विमान वाहतूक खात्याचे ग्लायडिंग केंद्र उभे राहिले. मुंबईच्या हौशी वैमानिकाला ग्लायडिंगसाठी घाट चढावा लागतो, यात नवल नाही : ग्लायडरला इंजिन नसते, तो तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभात घिरट्या घेत उंची मिळवतो, आणि फाल्गुन ते वैशाखातील दख्खनचे उघडे, कोरडे माळ असे स्तंभ उदारपणे देतात, तर वरळी-जुहूच्या किनाऱ्यावर दुपारचा खारा वारा ते दडपून टाकतो.

ग्लायडर आयात करणे परकीय चलनाच्या टंचाईमुळे कठीण असल्याने दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक खात्याने स्वतःचे आराखडे केले, एस. राममृतम हे त्यामागचे प्रमुख नाव. अश्विनी १९५८ साली उडाला, शेजारी-शेजारी दोघांना बसवणारा रोहिणी १९६१ च्या मे महिन्यात, स्पर्धेसाठीचा कार्तिक १९६३ साली, मृगशीर्ष १९७० साली आणि आर्द्रा १९७९ साली. या मालिकेतील रोहिणी सर्वांत अधिक संख्येने बांधला गेला आणि देशभरच्या क्लबांत तोच शिकाऊंचा पहिला ग्लायडर ठरला. आर्द्रा पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर विभागात छात्रसेनेसाठी बांधला गेला. (महाराष्ट्रातील शेतकरी ज्या नक्षत्रांकडे पावसासाठी डोळे लावून बसतो, त्यांपैकी काहींची नावे ज्या वस्तूंना पावसापासून सर्वांत अधिक जपावे लागते त्यांना मिळाली, हा योगायोगच.) रोहिणीसारखे ग्लायडर मुख्यतः लाकूड, प्लायवूड आणि कापड यांचे असल्याने भारतीय क्लबांची तपासणीची परंपराही दीर्घकाळ लाकडाभोवती घडत गेली.

क्लबातील ग्लायडरचे आयुष्य खासगी मालकाच्या ग्लायडरहून मुळातच वेगळे असते, आणि सुरक्षिततेचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. हौशी मालक एका झेपेत तीन-चार तास आकाशात राहतो. क्लबाचा शिकाऊ ग्लायडर मात्र विंचने वर ओढला जातो, मैदानाभोवती एक फेरी मारतो आणि काही मिनिटांत उतरतो. विंच म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले शक्तिशाली इंजिन आणि ढोल, ज्यावर सुमारे एक किलोमीटर लांबीची तार गुंडाळली जाते. ती वेगाने गुंडाळली की ग्लायडर पतंगासारखा चढत मिनिटाभरात तीनशे-चारशे मीटर उंची गाठतो. या चढणीत पंखावर सरळ उड्डाणापेक्षा बराच अधिक भार येतो, आणि तो अमर्याद होऊ नये म्हणून तारेत मुद्दाम कमजोर ठेवलेला एक दुवा असतो, जो ठरावीक ओढीला तुटतो. दिवसाला तीस-चाळीस वेळा हे होते. नवशिक्याच्या हातून आदळत झालेली उतरणी यात निराळीच. परिणामी ज्या ग्लायडरच्या नोंदवहीत तास थोडे दिसतात, त्याच्या सांगाड्यावर मोठ्या भारांची संख्या मात्र कितीतरी अधिक असू शकते. वयाची मोजणी वर्षांत करावी, तासांत की उड्डाणांच्या संख्येत, हा प्रश्न वरवर हिशेबनिसाचा दिसला तरी या साऱ्या इतिहासाचा गाभा तोच आहे.

लाकडी ग्लायडरच्या बाबतीत उत्तर वर्षे आणि ऋतू असेच होते. दररोज पहिल्या उड्डाणापूर्वी बाह्य तपासणी होई : पंख जोडणाऱ्या खिळी, त्यांच्या सुरक्षापिना, नियंत्रणाच्या तारा, चाक, कापडावरील फाटे. खरी तपासणी मात्र वार्षिक, आणि व्यवहारात ती पावसाळ्यात उड्डाणे थांबत तेव्हा करणे सोयीचे असे. पंखाच्या खालच्या बाजूचे पाणी निथळण्याचे बारीक छेद बुजलेले नाहीत ना, हे आधी पाहायचे, कारण बुजलेला छेद म्हणजे फासळीच्या पायाशी साचलेले पाणी. मग तपासणीची झाकणे उघडून आरशाने व दिव्याने स्पारच्या सांध्यांकडे पाहायचे, आतील हवेचा वास घ्यायचा, कारण कुबट वास बुरशीची पहिली वार्ता देतो, आणि प्लायवूड बोटाच्या सांध्याने वाजवत जायचे. काही वर्षांनी कापड पूर्ण उतरवून नवे चढवले जाई, तेव्हाच पंखाची हाडे उघडी पडत. ही पद्धत डोळा, नाक आणि कान यांवर चालणारी होती आणि तिच्यातील कौशल्य अनुभवी मेकॅनिककडून शिकाऊकडे हाताखाली काम करतच जाई. तिला मागासलेली समजणे चुकीचे होईल, कारण लाकडातील दोष हे पाहता, हुंगता आणि ऐकता येणारेच दोष होते. साधन आणि शत्रू एकमेकांना साजेसे होते.

धातूच्या सांगाड्याने हा समतोल मोडला. ३१ जानेवारी १९४५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात स्टिन्सन जातीच्या प्रवासी विमानाचा पंख स्पारच्या थकव्याने तुटला आणि विमानातील दहाही जण मरण पावले. त्यानंतर मेलबर्नच्या संशोधनसंस्थेने युद्धातून उरलेल्या मस्टँग विमानांचे पंख शेकड्यांनी तुटेपर्यंत वाकवून पाहण्याचा दीर्घ कार्यक्रम हाती घेतला. १९४५ सालीच अमेरिकेत माइनर याने, स्वीडनच्या पामग्रेनने १९२४ साली बेअरिंगांसाठी सुचवलेल्या विचाराला धरून, एक साधा नियम मांडला. एखादा भार दहा हजार वेळा आल्यास भाग तुटणार असेल, तर तो शंभर वेळा आला की आयुष्याचा शंभरावा हिस्सा खर्च झाला असे धरायचे, आणि निरनिराळ्या भारांनी खर्च झालेल्या हिश्शांची बेरीज एकापर्यंत पोहोचली की आयुष्य संपले. नियम ढोबळ आहे, कारण मोठ्या भारानंतर आलेला लहान भार आणि लहानानंतर आलेला मोठा भार यांचे परिणाम सारखे नसतात. तरीही आजतागायत ग्लायडरच्या आयुष्याचे गणित याच पायावर आणि त्यावर घेतलेल्या उदार सुरक्षागुणकावर उभे आहे.

सामान्य वाचकापर्यंत हा विषय पोहोचला तो कॉमेटमुळे, आणि कॉमेट मुंबईला अनोळखी नव्हते. ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनची जगातील पहिल्या जेट प्रवासी विमानांची लंडन-कोलंबो सेवा ऑगस्ट १९५२ मध्ये सुरू झाली, तिचा एक थांबा मुंबई होता. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिलला नेपल्सच्या दक्षिणेस अशी दोन कॉमेट विमाने समुद्रावर फुटली. इंग्लंडमधील फार्नबरो येथे एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यातील दाब पुनःपुन्हा वाढवला-उतरवला गेला, तेव्हा प्रत्यक्ष आणि नकली मिळून ३०५७ उड्डाणांनंतर तो फाटला. बुडालेले पहिले विमान केवळ १२९० उड्डाणे झालेले होते. दोन आकड्यांतील हे अंतरही बोलके आहे : एकाच आराखड्याच्या दोन विमानांचे आयुष्य दुपटीहून अधिक वेगळे असू शकते, म्हणूनच चाचणीत मिळालेल्या आयुष्याला तीन किंवा अधिक पटींनी भागून मगच ते वापरासाठी जाहीर केले जाते. या पद्धतीला सुरक्षित-आयुष्य पद्धत म्हणतात. जाहीर केलेले आयुष्य पूर्ण झाल्यावर भाग कितीही धडधाकट दिसला तरी तो काढून टाकावा लागतो.

मुंबईने स्वतःच्या भूमीवर हा दोष पाहिला तो १२ ऑक्टोबर १९७६ रोजी, सांताक्रूझहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅरॅव्हेल विमानाच्या अपघातात. एका इंजिनाच्या संपीडकातील दहाव्या टप्प्याची चकती थकव्याच्या तड्याने फुटली, तिच्या तुकड्यांनी इंधनाच्या नळ्या तोडल्या, आग लागली आणि विमानतळाकडे परतताना विमानावरील नियंत्रण जाऊन ९५ जण मृत्युमुखी पडले. इंजिनाची चकती आणि ग्लायडरचा स्पार यांच्यात बाह्यतः काहीच साम्य नसले, तरी दोघांनाही लागू पडणारा नियम व्होलरच्या आसाचाच आहे.

ग्लायडरपुरता या प्रकरणाचा सर्वांत कठोर धडा चेक बनावटीच्या ब्लानिक एल-१३ या धातूच्या द्विआसनी ग्लायडरने दिला. १९५६ साली प्रथम उडालेला आणि अडीच हजारांहून अधिक संख्येने बांधला गेलेला हा ग्लायडर अनेक देशांतील क्लबांचा अर्धशतकभराचा कणा होता. १२ जून २०१० रोजी ऑस्ट्रियात उड्डाणात त्याचा पंख मुळाशी थकव्याने तुटला आणि त्यातील दोघे मरण पावले. युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने आधी पंखाच्या मुळाशी स्पारची तपासणी करण्याचा तातडीचा आदेश काढला, आणि थोड्याच महिन्यांत, केवळ डोळ्यांनी पाहून भागणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, या जातीच्या उड्डाणांवरच बंदी घातली. रिव्हेटच्या डोक्याखाली किंवा दोन पत्र्यांच्या मधल्या थरात वाढणारा तडा भिंगाने दिसत नाही. त्यासाठी एडी करंट, म्हणजे धातूत फिरता विद्युतप्रवाह निर्माण करून त्यात येणारा अडथळा वाचणारे यंत्र, किंवा श्राव्यातीत ध्वनी वापरावा लागतो, आणि त्यासाठीही आधी कुठे पाहायचे हे ठाऊक असावे लागते. याहून महत्त्वाची अडचण कागदावर होती. उत्पादकाने ठरवलेले आयुष्य विंचची उड्डाणे, विमानाने ओढून केलेली उड्डाणे आणि कसरती यांचे एक विशिष्ट प्रमाण गृहीत धरून काढलेले होते, आणि जुन्या नोंदवह्यांत तास व उड्डाणे लिहिलेली असली, तरी किती वेळ लूप आणि उलट्या घिरट्या घालण्यात गेला हे बहुधा लिहिलेले नसे. ऑस्ट्रेलियात मात्र या पंखासाठी ल्युएलिन दुरुस्ती म्हणून ओळखले जाणारे मजबुतीकरण आधीपासून होते, ज्याने मुळातले काही हजार तासांचे आयुष्य १२,००० तासांपर्यंत नेले होते. मेलबर्नच्या मस्टँगांपासून सुरू झालेल्या परंपरेचे ते फळ होते असे म्हणण्यास हरकत नाही.

थकव्याच्या जोडीला गंज आला की हिशेब आणखी बिघडतो, आणि येथे समुद्रकिनाऱ्याचा संबंध येतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या पुढील भागाचे छत हवेत उडून गेले. बेटाबेटांमधील अगदी छोट्या फेऱ्यांमुळे त्या विमानाची जवळजवळ ९०,००० उड्डाणे झाली होती आणि खाऱ्या दमट हवेने पत्र्यांचे सांधे आतून कुरतडले होते. गंजाने पडलेला खड्डा हा तड्याचा तयार आरंभबिंदू असतो. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मांडलेले मारुत विमान या संदर्भात पाहण्यासारखे आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली बंगळुरात घडलेले हे लढाऊ जेट १७ जून १९६१ रोजी, म्हणजे रोहिणीच्या पुढच्याच महिन्यात, प्रथम उडाले. पण त्याआधी १९५९ पासून त्याच आकाराचा एक पूर्ण मापाचा लाकडी ग्लायडर डकोटा विमानाने ओढून उडवला गेला आणि जेटच्या आराखड्याची हवाई परीक्षा त्यावर झाली. आवारातील विमानाचे पंख आता थकणार नाहीत, कारण ते उडत नाही. ऊन, पाऊस आणि खारा वारा मात्र उभ्या विमानालाही सोडत नाहीत. वापराने येणारे वय आणि काळाने येणारे वय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजावण्यासाठी मुंबईत याहून सोयीचे उदाहरण नाही, आणि केंद्रातील फलकांनी विमानाचा वेग सांगण्याबरोबर हेही सांगायला हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस क्लबांत काचतंतूचे, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन यांच्या थरांचे, ग्लायडर रूढ झाले. त्यांचा आद्य नमुना फिनिक्स १९५७ साली श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या गटातून आला, आणि १९७९ साली प्रथम उडालेला जर्मन एएसके-२१ हा जगातील असंख्य क्लबांचा शिकाऊ ग्लायडर झाला. काचतंतू थकव्याला धातूपेक्षा चांगले तोंड देतात. अशा ग्लायडरांसाठी सुरुवातीला सावधपणे ठरवलेले आयुष्य चाचण्यांनंतर बहुधा १२,००० तासांपर्यंत, काहींचे त्याहून पुढे, वाढवले गेले. परंतु ते सलग मिळत नाही. सामान्यतः ३००० तासांना एक विस्तृत तपासणी, पुन्हा ६००० तासांना, आणि नंतर दर हजार तासांना अशी पायरी ठेवलेली असते, आणि प्रत्येक पायरी ओलांडल्यावरच पुढचे तास मोकळे होतात. या ग्लायडरांचा शत्रू उष्णता आहे. रेझिन ठरावीक तापमानापुढे मऊ पडते, म्हणून अनेक जातींच्या पुस्तिकांत सांगाड्याचे तापमान ५४ अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये असे बंधन असते, आणि ते पाळण्यासाठीच हे ग्लायडर जवळजवळ सर्वत्र पांढरे रंगवलेले असतात. एप्रिलच्या दुपारी हडपसरच्या माळावर उघडा ठेवलेला ग्लायडर पाहिला, की हा रंग शोभेचा नाही हे ध्यानात येते.

काचतंतूच्या पंखाची एक तपासणी तिच्या साधेपणामुळे विशेष उल्लेखनीय आहे. जमिनीवर उभ्या ग्लायडरच्या पंखाचे टोक हाताने लयीत वरखाली हलवायचे, पंख आपल्या नैसर्गिक गतीने झुलू लागला की मिनिटाला किती झोके होतात ते मोजायचे, आणि तो आकडा कारखान्यातून आल्यावेळच्या आकड्याशी ताडून पाहायचा. आदळत झालेल्या उतरणीनंतर झोके कमी भरले, तर पंखाची ताठरता घटली आहे, म्हणजे आतील कोठलातरी सांधा सुटला किंवा थर फाटला आहे, असे समजायचे. रेल्वेच्या हातोडीत जे कानाने जुळवले जात होते ते येथे आकड्याने जुळवले जाते, आणि मूळ आकडा लिहून ठेवलेला नसेल तर साऱ्या परीक्षेचा काहीच उपयोग होत नाही.

भारतात विमानांची हवाई योग्यता १९३४ च्या विमान कायद्याखाली आणि १९३७ च्या नियमांखाली तपासली जात आली, तो कायदा आता २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने बदलला असला, तरी परवानाधारक अभियंत्याची सही आणि नोंदवही हे दोन आधार तसेच आहेत. ग्लायडर एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जातो तेव्हा नोंदवही त्याच्याबरोबर जाते, आणि ती हरवली किंवा मधली काही वर्षे कोरी निघाली, तर जबाबदार अभियंता ते तास शून्य धरत नाही. त्या काळात ग्लायडर जास्तीत जास्त जितका वापरला गेला असू शकेल तितका वापरला गेला, असे धरून उरलेले आयुष्य काढतो. लाकडी रोहिणीच्या काळात अशी कोरी पाने फारशी आड येत नसत, कारण कापड उतरवले की लाकूड स्वतःच आपली स्थिती सांगे. धातूच्या पंखाबाबत मात्र त्या पानांच्या अभावी धडधाकट दिसणारा ग्लायडरही उडवता येत नाही.